माझा तिबेटचा अभ्यास

२२ नोव्हेंबर १९५९, रविवार. सकाळी.

काल संगीत नाटक पाहिलं. कंपनी पुण्याकडची. नायक विशीतला, नट पंचावन्नचा. विंगेतून आधी पोट आलं, मग राजपुत्र. ऑर्गन चांगला. दुसरा अंक डोळे मिटून ऐकला. सूर डोळे मिटूनच ऐकायचे असतात. यमू म्हणते घोरत होतात, मागच्या बाईनं दोनदा खुर्ची हलवली. यमूला गाण्यातलं कळतं. लग्नाआधी शिकत होती, पुढे काही जमलं नाही. पण गाणं कळणं वेगळं आणि ऐकता येणं वेगळं.

इंटरव्हलमध्ये जागेश्वर भेटला. शाळेपासूनचा दोस्त. घराणं विणकरांचं, आता गांधीबागेत कापडाचं दुकान, आणि हौसेनं गळ्यात घेतलेली मित्रमंडळाची व्याख्यानमाला. नाताळच्या आठवड्यात असते. शेवटच्या दिवसाचे प्रोफेसर ऐनवेळी नाही म्हणाले, म्हणून तोंड उतरलेलं. मी सहज बोललो की आपलं संगीत नाटक आता संपलं, खरं संगीत नाटक तिबेटात. उघड्या मैदानात, मुखवटे घालून, सकाळी सुरू होतं ते दिवस मावळेपर्यंत.

जागेश्वर म्हणाला, "तुले तिबेटचं काही मालूम हाये का गा?"

म्हटलं, बऱ्याच वर्षांचा अभ्यास आहे.

"मंग तूच बोल ना! मार्चपासून पेपरात रोज तिबेट येऊन राहिलं. लोक तुटून पडतीन."

हो म्हटलं. विषय तिथेच भज्यांच्या प्लेटवर ठरला. 'तिबेटी संगीत नाटक व आपले संगीत नाटक : एक तौलनिक चिंतन.' तारीख २७ डिसेंबर. भरपूर वेळ आहे.

अभ्यास म्हणजे, गेल्या आठवड्यात चिवडा ज्या कागदात आला तो एका इंग्रजी साप्ताहिकाचं अर्धं पान होता. खालचा भाग तेलानं गेलेला. पण विषयाचा गाभा वरच्याच भागात होता.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नवं आयुष्य. पहाटे पाचला उठणे, ध्यान, मग वाचन. तपकीर बंद. ऑफिसातल्या गप्पा बंद. राजधानी मुंबईला गेली, मी नागपुरात राहिलो, रेकॉर्ड सेक्शनला धूळ खात पडलो, असं लोकांना वाटतं. आता दिसेल.

उठायला सात वाजले. घड्याळाची किल्ली नीलानं दिली नव्हती. नीला माझी मुलगी, बी.ए.ला आहे, पण जबाबदारीची जाणीव नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

वाचनालयात तिबेटवर एकच पुस्तक निघालं. लेखक कोणी इंग्रज मेजर. तिबेटात जेमतेम दोन आठवडे राहिला, त्यातला निम्मा वेळ तंबूत पोट धरून. तरी साडेतीनशे पानं लिहिली. ही चिकाटी आपल्या लेखकांत नाही. वीस पानं वाचून झाली. सध्या खेचरांची खरेदी चालू आहे.

२९ नोव्हेंबर, रविवार

पुस्तकात तिबेटी चहाची कृती सापडली. चहा, लोणी, मीठ. विषय अंगात भिनला पाहिजे म्हणून घरी केला. यमूनं लोण्याचा डबा सोडता सोडला नाही. मी एक घोट घेतला. उरलेला तुळशीला घालायला निघालो तर यमू म्हणाली, "अहो, तिनं तुमचं काय वाकडं केलं?" मोरीत ओतला.

मेजरच्या पोटदुखीचं कारण मला कळलं. खुद्द मेजरला कळलं नव्हतं. याला स्वतंत्र संशोधन म्हणतात.

२ डिसेंबर, बुधवार

पहाटे ध्यानाला बसलो. थंडी फार. पाच मिनिटांत शिंका. लामा लोक बर्फात उघडे बसतात म्हणे, पण त्यांच्या शेजारी गरम रजई नसते. मोहच नाही तर कसला संयम? माझं काम जास्त कठीण आहे. रजईत बसून ध्यान केलं. यमूनं नऊला उठवलं. ऑफिसला लेट मार्क.

५ डिसेंबर, शनिवार

योगायोग म्हणा, पुण्याई म्हणा! ऑफिस अर्धा दिवस. परत येताना सीताबर्डीच्या फुटपाथवर साक्षात तिबेटी! नवरा-बायको. चादरीवर मणी, पोवळी, शिलाजित मांडून बसलेले. बाई तिशीची, दोन वेण्या, अंगात जाड लोकरी झगा, गालांवर थंडीच्या भेगा. पुरुष थोडा मोठा. नाव नोर्बू. पूर्वी कालिम्पाँगच्या बाजारात लोकर विकायला यायचा, म्हणून हिंदी मोडकीतोडकी पण येते. बायकोला येत नाही. तिचं नाव यांगचेन. मी विचारलं, गाना आता है? नोर्बू म्हणाला, "इसका भाई गाता था, बाबूजी. लामो में. बड़ा मंडली था."

ल्हामो म्हणजे त्यांचं संगीत नाटक! चिवड्याच्या कागदावर हाच शब्द होता. माझ्या अंगावर काटा आला. त्यांना उद्या घरी जेवायला बोलावलं. मेजरला जे साधलं नाही ते मला सीताबर्डीवर साधलं.

६ डिसेंबर, रविवार

आले होते. इंदोऱ्याकडे एका विहाराच्या पडवीत उतरलेत. नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून इकडे आले. यमूनं झुणका, भाकरी, ठेचा केला. यांगचेननं ठेचा मागून घेतला. यमू खूष. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या, एकीचं एकीला कळत नाही तरी बोलत होत्या.

मी झग्याची शिवण, माळेतल्या मण्यांचा क्रम वगैरे टिपून घेतलं. नोर्बू मध्येमध्ये भावाचं काहीतरी सांगत होता. यांगचेनचा धाकटा भाऊ सरहद्द ओलांडताना चुकला. आसामातल्या मोठ्या छावणीत आहे असं कोणी सांगितलं. तिकडे जायचं, पण खरंच आहे का हे कळलं तर बरं. मी सरकारी ऑफिसात आहे हे कळल्यावर नोर्बू उठून उभाच राहिला. म्हणाला, "बाबूजी, छावनी को एक तार कर दो. आप का तार सरकार सुनेगा."

म्हटलं, कल ही.

यांगचेनला त्यानं सांगितलं. ती माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडून वाकली. मला बरं वाटलं.

७ डिसेंबर, सोमवार

तार राहिली. आज आमच्या हेडक्लार्कचा निरोप समारंभ, भाषण माझ्याकडे. उद्या.

१० डिसेंबर, गुरुवार

तार करायचीच होती, पण मजकूर काय लिहावा? सरकारी छावणीला खाजगी माणसानं तार करणं योग्य का? प्रॉपर चॅनलनं गेलं पाहिजे. विचार चालू आहे.

संध्याकाळी नोर्बू ऑफिसच्या फाटकाशी उभा. दुपारपासून उभा होता म्हणे. "तार किया, बाबूजी?" मी म्हणालो, किया. म्हणजे मनात ठरवून टाकलं होतं, तेव्हा केल्यासारखंच. उद्या सकाळी गेली की खोटंही राहणार नाही.

१३ डिसेंबर, रविवार

कटकट. नोर्बू म्हणतो, जवाब येत नाही तर आम्ही उद्या निघतो, सिलिगुडीवरून आसामात जाऊन स्वतःच शोधतो. मी समजावलं. म्हटलं, जवाब इथे येणार, तुम्ही तिकडे गेलात तर चुकामूक होईल. एवढा प्रवास, एवढी थंडी. दो हफ्ता ठहरो. आणि २७ तारखेला माझ्या कार्यक्रमात यांगचेनला गायला सांगितलं. लोकांना तुमचं दुःख कळेल, मदत मिळेल.

हे सगळं त्यांच्याच भल्याचं आहे. व्याख्यानाला सप्रयोग म्हणून जाहीर करता येईल हा भाग वेगळा. जागेश्वरनं हँडबिलात टाकलंसुद्धा. 'तिबेटतज्ज्ञ गोपाळराव यांचे सप्रयोग व्याख्यान.' तज्ज्ञ हा शब्द मी सुचवला नव्हता. फक्त अभ्यासक शब्द थोडा लांब वाटतो एवढंच म्हणालो होतो.

यमूनं विचारलं, "तार गेली ना?" म्हटलं, ऑफिसच्या कामात तू पडू नकोस.

१६ डिसेंबर, बुधवार

तालीम. यांगचेन गायला तयार नाही. मान खाली घालून बसून राहिली. नोर्बू म्हणाला, हे गाणं भाऊ गायचा, हिनं कधी लोकांसमोर गायलं नाही. तिकडे बायकांची कामं पुष्कळदा पुरुषच करतात, आपल्याकडे करायचे तशीच. भाऊ बायकांच्या भूमिका करायचा. मला केवढा मुद्दा मिळाला! लगेच लिहून काढला.

मी बाहेर लिहीत बसलो, ती आत यमूजवळ गेली. यमू तांदूळ निवडत होती, निवडताना गुणगुणते ती सवय. मग यमू थांबली आणि दुसराच आवाज सुरू झाला.

काय लिहू. असा आवाज मी ऐकला नव्हता. नरड्यातून नाही, बरगड्यांतून निघाल्यासारखा. लांबच्या कोणाला हाक मारावी तसा वर चढत जायचा आणि वरच तुटायचा. शेजारच्या तुळजाबाई धावत आल्या, "काहून वं यमुताई, घरात काही झालं का?" मी त्यांना बाहेरच थांबवलं. लिहायचं राहून गेलं. डोळे मिटले नव्हते, तरी ऐकू येत होतं.

यांगचेन बाहेर आली तेव्हा यमूचे डोळे लाल. कांदा चिरत नव्हती.

गाईल म्हणाली. नोर्बूनं सांगितलं, "बोलती है, बाबूजी ने भाई के लिए इतना किया, तो गाएगी."

उद्या तार नक्की. ऑफिसला जाताना, थेट.

१७ डिसेंबर, गुरुवार

तार ऑफिसात गर्दी. रांग दारापर्यंत. दहा मिनिटं उभा राहिलो. लेट मार्क आधीच दोन झालेत.

२० डिसेंबर, रविवार

वाचन जोरात. मेजर अजून सिक्कीममध्येच आहे, एक खेचर दरीत पडलं. तिबेट केव्हा येणार कळत नाही. शेवटच्या प्रकरणावर उडी मारली तर तो परत आलेला! मधलं सगळं व्याख्यानानंतर वाचावं. वक्त्यानं फार वाचलं की स्वतःचे विचार दबतात.

भाषण लिहून झालं. शेवट फार उदात्त. आरशासमोर म्हटलं. नीला दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, नाटक कुठे आहे यात? सगळं तुमच्याबद्दलच आहे." मी म्हणालो, तौलनिक चिंतनात चिंतन करणाराही येतोच.

२४ डिसेंबर, गुरुवार

नोर्बू पुन्हा आला. या वेळी काही विचारलं नाही. नुसता उभा राहिला. मीच म्हणालो, नाताळ आहे, साहेब लोक सुटीवर, जवाब नव्या वर्षात. तो "अच्छा, बाबूजी" म्हणाला. यमूनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती.

आता केली तरी नाताळच्या गोंधळात कोण बघणार? २८ला पहिलं काम तेच. सुटीनंतरची तार अधिक परिणामकारक.

२८ डिसेंबर, सोमवार. पहाटे. झोप नाही.

कालचं व्याख्यान झालं. शाळेचा हॉल भरला, खिडक्यांत माणसं. मी पाऊण तास बोललो. खेचरांचा भाग रंगला. चहाचा किस्सा रंगला. संगीत नाटकाचं मूळ तिबेटात असावं हे सुचवताना हात थोडा वर गेला आणि पाण्याचा पेला सांडला, पण लोकांना ते जोशाचं लक्षण वाटलं.

मग यांगचेन उभी राहिली. माइक नको म्हणाली. गायली. गाणं थांबलं. मागे एक लहान मूल रडायला लागलं, तेवढाच आवाज. मग टाळ्या.

मी अर्थ सांगायला उठलो. अर्थ मला माहीत नव्हता, पण सभेत गप्प कसं राहायचं? म्हणालो, या भगिनीनं हिमालयाला वंदन करून नागपूरकरांना आशीर्वाद दिला आहे. लोक खूष.

इथवर सगळं बरं होतं. आभार मानताना जागेश्वरनं नोर्बूला पुढे बोलावलं, "दो शब्द बोलो भाई." नोर्बू आला. माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाला, "बाबूजी ठीक बोले. थोड़ा और है. खेल में भाई-बहन जंगल में बिछड़ता है. बहन पुकारती है. यह वो गाना है. इसका भाई गाता था. अब भाई का पता नहीं. बाबूजी ने सरकार को तार किया है. हम लोग जवाब के लिए बैठे हैं. बाबूजी का बहुत उपकार."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. माझ्यासाठी. व्याख्यानाला पडल्या त्याच्या दुप्पट. पुढच्या रांगेतले एक वकील उठून उभे राहिले, मग सगळेच उठले. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो? यांगचेनसुद्धा टाळ्या वाजवत होती, लोक वाजवतात म्हणून, माझ्याकडे बघून हसत.

यमू बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली नाही.

तार ऑफिस उघडलं की लगेच. काही झालं तरी.

२८ डिसेंबर, दुपारी

सकाळी चपला घालत होतो तेवढ्यात जागेश्वर दारात. रात्रभर त्याला गाणं आठवत होतं म्हणे. डोळे सुजलेले. म्हणाला, "गोपाळ, सरकारी तारेचं काही खरं नसते गा. आपन मंडळाच्या नावानं दुसरी जबाबी तार टाकू, अर्जंट. तुह्या तारेचा हवाला देऊ. कोन्या तारखेले केली होती तू?"

म्हटलं, साधारण आठ-नऊ.

नीलानं मजकूर लिहायला पेन घेतलं. तिनं विचारलं, "बाबा, त्यांच्या भावाचं नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं.

तीन आठवडे ज्याची चौकशी करत होतो त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. म्हणालो, ऑफिसात कागदावर आहे. जागेश्वर म्हणाला, "अरे, नाव तं आठवत असंन ना?" मी छताकडे बघत राहिलो, आठवल्यासारखं करत.

स्वयंपाकघराच्या दारातून यमू म्हणाली, "पेंबा. बावीस वर्षांचा. डाव्या भुवईवर खोकेचा वण आहे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही तेव्हा मणी मोजत होतात."

मग तिनं विचारलं, "तुम्ही तार केलीच नाहीत ना?"

जागेश्वर माझ्याकडे बघायला लागला. ऑफिसच्या अडचणी सांगायला सुरुवात केली. प्रॉपर चॅनल म्हणालो. रांग म्हणालो. माझं मलाच ऐकू येत होतं. नीला मान खाली घालून लिहीत राहिली. जागेश्वरनं तिच्या हातून कागद घेतला आणि निघून गेला. जाताना "येतो" म्हणाला नाही. शाळेपासून पहिल्यांदा.

पेपरात सहाव्या पानावर बातमी आहे. 'तिबेटतज्ज्ञांचे उद्बोधक विवेचन.' कापून ठेवली नाही.

३१ डिसेंबर, गुरुवार

उत्तर आलं. जागेश्वरनं दुकानातल्या माणसाच्या हाती पाठवलं, स्वतः आला नाही. पेंबा त्या छावणीत होता. जूनपासून होता. १९ डिसेंबरला तुकडी रस्त्याच्या कामासाठी सिक्कीमकडे रवाना झाली, त्यात गेला. सध्याचा ठावठिकाणा कळण्याजोगा नाही.

तार तीन दिवसांत जाऊन उत्तर येतं. मी सातला केली असती तर. बरं, ते चौदाला निघत होतेच. रेल्वेचं वेळापत्रक काढून पाहिलं, चौदाला निघून केव्हा पोचले असते. पाहायला नको होतं.

छावणीवाल्यांनी तरी हिवाळ्यात माणसं रस्त्याच्या कामाला का पाठवावीत? सरकारचं सगळंच असं. हे यमूला सांगितलं. तिनं पोळी तव्यावर उलटली.

१ जानेवारी १९६०, शुक्रवार

नोर्बूला सांगायला मीच गेलं पाहिजे, असं यमू म्हणाली. अर्धी कॅज्युअल लीव्ह घेतली. वाटेत सायकल पंक्चर. पंक्चर लगेच निघालं, तरी दुकानात बसून राहिलो. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, हवा भरली जी कवाची."

विहाराच्या पडवीत दोघं मणी ओवत होते. मला बघताच नोर्बूनं पोतं झटकून बसायला टाकलं. मी उभ्यानंच तारेचा मजकूर हिंदीतून सांगितला. तो म्हणाला, "उन्नीस?" मी हो म्हणालो. "और आप का तार कब गया था, बाबूजी?"

मी म्हणालो, देर हो गया. मग म्हणालो, बहुत देर हो गया. तो माझ्याकडे बघत होता. रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो, तयारी करूनच गेलो होतो. तो रागावला नाही. समजला.

त्यानं यांगचेनला सांगितलं. थोडक्यात. तिच्या हातातला दोरा थांबला. तिनं माझ्याकडे बघून एक वाक्य उच्चारलं, लहानसंच. नोर्बूनं ते हिंदीत सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भरल्या सभेत तिच्या गाण्याचा अर्थ सांगणारा मी, या एका वाक्याचा अर्थ विचारायची हिंमत झाली नाही.

सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. हवा भरलेली होती.

३ जानेवारी, रविवार

गेले. सिलिगुडीपर्यंतची तिकिटं जागेश्वरनं काढली. पुढे सिक्कीमच्या रस्त्यांवर विचारत जाणार. कुठल्या रस्त्यावर, कोणालाच माहीत नाही.

मी येऊ का म्हणून यमूला विचारलं. ती म्हणाली, "या की, गाठोडं जड आहे."

गाडी उशिरा. बाकावर यमू आणि यांगचेन एकमेकींचे हात धरून बसल्या. यमूनं दशम्या, चटणी आणि आपली लग्नातली शाल दिली. ती शाल ती कोणाला हातसुद्धा लावू देत नसे. यांगचेननं गळ्यातली एक पोवळ्याची माळ काढून नीलाच्या गळ्यात घातली. जागेश्वर नोर्बूशी बोलत होता, काही लिहून देत होता. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. हे नमूद करतो. जागेश्वरनं "सरक थोडा" म्हटलं, तेवढंच.

गाठोडं मी वर चढवलं. खरंच जड होतं. नोर्बू दारात उभा राहून म्हणाला, "बाबूजी, आप ने बहुत किया." मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, कुठे टोमणा दिसतो का. नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो माणूस सगळं समजून, सगळ्यांसमोर, माझी लाज राखत होता.

गाडी सुटली तेव्हा यांगचेन खिडकीत होती. यमूकडे बघत होती. मीही हात केला. माझी बाजू फलाटाच्या दिव्याखाली नव्हती, तिला दिसलो नसेन.

७ जानेवारी, गुरुवार

मेजरचं पुस्तक परत केलं. ग्रंथपाल म्हणाले, वाचून झालं? हो म्हटलं.

ऑफिसात लोक अजून अभिनंदन करतात. रेकॉर्ड सेक्शनचा केशव पाया पडायला लागला, त्या बिचाऱ्यांसाठी एवढं केलंत म्हणून. पाय मागे घेतले. तो म्हणाला, केवढी नम्रता. जागेश्वरनं कोणालाच काही सांगितलेलं नाही. दुकानावरून गेलो तर मान हलवतो. पूर्वी हाक मारून आत बोलवायचा, चहा मागवायचा.

यमू हल्ली घरात मोठ्यानं गाते. यांगचेनकडून एक तान उचलली आहे, आपल्याच पद्धतीनं बसवली आहे. चांगली बसवली आहे. मी दारात आलो की थांबते. म्हटलं, थांबू नकोस. म्हणाली, "नाही, झालंच होतं."

तिच्या गाण्याचं पुढे काही जमलं नाही असं मी लिहिलं होतं. न जमायला तिचं काही कारण नव्हतं. नको म्हणणारा मी होतो. ते तसं लिहायला हवं होतं.

१२ जानेवारी, मंगळवार

काटोलच्या एका मंडळाचं पत्र. बातमी वाचली, प्रभावित झालो, संक्रांतीनंतर तिबेटवर आपलं व्याख्यान व्हावं, येण्याजाण्याची व्यवस्था करू, सोबत तिबेटी गायिका असल्यास फारच उत्तम.

उत्तर लिहायला बसलो. लिहिलं : मला तिबेटबद्दल काहीही माहीत नाही. हे फार उघडं वाटलं. फाडलं. दुसऱ्या कार्डावर लिहिलं : माझ्या हातून एक मोठी चूक झाली असल्यानं. कोणती, असं ते विचारतील. तेही फाडलं. तिसऱ्यावर : घसा बसल्यामुळे येणे अशक्य. क्षमस्व. हे चांगलं वाटलं. टेबलावर ठेवलं, उद्या टाकेन म्हणून.

कार्ड उघडंच असतं. यमू दिवा लावायला आली तेव्हा तिनं वाचलं असणार. थोड्या वेळानं आलं, तुळस, मिरे घालून काढा करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, "घसा बसलाय ना."

पदराला हात पुसत उभी राहिली. मी पेला संपवेपर्यंत हलली नाही. संपवला. मग ती कार्ड उचलून घेऊन गेली. तार ऑफिसच्या बाजूलाच टपालपेटी आहे, नीला सकाळी त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते, तिच्याकडे देते म्हणाली. तुमच्याकडून राहील.